साथीच्या यादीत नाव कुणासाठी लिहायचं?

साथरोग सर्वेक्षणाच्या कामावर नव्यानेच रुजू झालेल्या एका डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: साथ सुरू झाली की आम्ही रुग्णांची यादी बनवतो. तिच्यात नाव लिहावं की नुसता क्रमांक? आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नाव लिहिणं म्हणजे रुग्णाची गोपनीयता धाब्यावर बसवणं. दुसरा म्हणतो, नावच नसेल तर उद्या सकाळी तो माणूस शोधायचा कसा? शिवाय वरचं कार्यालय रोज संध्याकाळी नावांसकट यादी मागतं. ती द्यायची का? आणि यादी बाहेर फुटलीच तर काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. नाव लिहायचं. पूर्ण नाव, पत्ता, फोन, सगळं, दुसऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. पण ते एकाच ठिकाणी लिहायचं. तिथून पुढे साथीची माहिती ज्या ज्या कागदावर जाईल, त्या कागदावर नाव जायचं नाही. तुमच्यातले दोन्ही तट बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वह्यांबद्दल भांडताहेत.

नाव लागतं का, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याची गोष्ट बहुतेकांना पंपाच्या दांड्यापुरती माहीत असते: जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. (ती तोवर ओसरायलाच लागली होती, पण ते असो.) मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग आवडतो. स्नोने मृत्यूनोंदणीच्या कार्यालयातून ८३ मृत्यूंचा तपशील मिळवला आणि तो घरोघर चौकशी करत फिरला. ब्रॉड स्ट्रीटपासून काही मैल लांब, हॅम्पस्टेडच्या बाजूला, एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली होती. ती कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकलीही नव्हती. नुसता तक्ता पाहणाऱ्याने म्हटलं असतं, बघा, पंपाचा काही संबंध नाही. स्नो तिच्या मुलाला भेटला. तेव्हा कळलं, की बाईला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ब्रॉड स्ट्रीटवरून तिकडे रोज जाणाऱ्या गाडीतून तिच्यासाठी मोठी बाटली भरून जात असे. ३१ ऑगस्टला, गुरुवारी, बाटली गेली. शनिवारी बाई दगावली. तेच पाणी प्यायलेली तिच्या नात्यातली एक मुलगी इझ्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली, तीसुद्धा कॉलरा नसलेल्या भागात. सिद्धान्ताच्या आड येणारी केसच त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली. का? तर मेलेल्या माणसापासून त्याच्या जिवंत मुलापर्यंत जाता आलं म्हणून. ‘स्त्री, ५९, कॉलरा’ एवढ्याच नोंदीवरून कुणाचं दार वाजवणार?

क्रमांकाची बाजू घेणारे एक गोष्ट विसरतात. नाव लागतं ते नुसतं शोधायला नाही, मोजायलाही. साथीत एकच माणूस तीन दारांनी आत येतो: दवाखान्याच्या नोंदीतून, प्रयोगशाळेच्या अहवालातून आणि घरोघरच्या पाहणीतून. या तीन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कळलं नाही, तर आकडा फुगतो. उलट दोन माणसं एक समजली गेली, तर एक जण गायब होतो. हे मी स्वतः पाहिलंय. हिपॅटायटिस ई च्या साथीत आमच्या यादीत दोन ओळींवर एकच नाव, एकच वय आणि एकच वस्ती होती. संगणकावर बसलेल्या मुलाने दुबार नोंद समजून त्यातली एक ओळ उडवली. त्या दोन वेगळ्या बाया होत्या. उडवलेली आठव्या महिन्यात होती, आणि या काविळीत गरोदरपणाचे शेवटचे महिने फार धोक्याचे असतात. चार दिवस तिच्याकडे कुणी गेलं नाही. एका परिचारिकेच्या लक्षात आलं म्हणून ती सापडली आणि सुखरूप राहिली, पण त्यात आमचं कर्तृत्व शून्य. चूक त्या मुलाची नव्हती. आम्ही त्याला फक्त नाव आणि वय दिलं होतं. घराचा क्रमांक किंवा फोनचा रकाना असता तर त्यानेच फरक ओळखला असता.

म्हणजे अडचण नाव असण्यापेक्षा नाव अपुरं असण्यात जास्त असते. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१५ च्या इबोलाच्या साथीत हेच प्रचंड प्रमाणावर घडलं. रुग्णाचा तपासणी फॉर्म एकीकडे, रक्ताचा नमुना दुसरीकडे आणि उपचार केंद्राची नोंदवही तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी क्रमांक वेगळा, आणि नाव ज्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. ते तुकडे जुळवण्यात माणसांचे महिने गेले.

मग नावाऐवजी कोड वापरून हे जमवता येणार नाही का? हा प्रयोग होऊन गेलाय, तोही चांगल्या हेतूने. अमेरिकेत एड्सच्या रुग्णांची नोंद सुरुवातीपासून नावाने होत असे, पण नुसत्या एचआयव्हीच्या लागणीची नोंद नावाने करायला तीव्र विरोध होता आणि त्याला कारणंही होती. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, घरं जात होती. १९९४ मध्ये टेक्सास आणि मेरिलँड या राज्यांनी मधला मार्ग काढला: नाव नको, त्याऐवजी सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, लिंग आणि वंश मिळून एक कोड. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरांकडे तो चार आकड्यांचा भाग नसायचाच, कोड अर्धवट यायचे आणि जुळवाजुळव अडायची. टेक्सासने १९९९ मध्ये नावाची पद्धत स्वीकारली, मेरिलँडनेही पुढे तेच केलं, आणि २००८ पर्यंत सगळी राज्यं नावाने नोंद करू लागली.

मात्र याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. नावं राज्याच्या आरोग्य विभागापाशीच थांबतात. वर, राष्ट्रीय पातळीवर सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे, नाव जात नाही. तिथे आडनावाचा साउंडेक्स कोड जातो: पहिलं अक्षर आणि पुढच्या ध्वनींचे तीन आकडे. दुबार नोंदी ओळखायला तेवढं पुरतं, दार वाजवायला पुरत नाही. आणि सीडीसीला दार वाजवायचंच नसतं. मला या विषयावर जे म्हणायचंय ते जवळपास सगळं या व्यवस्थेत आलंय. जो माणूस उद्या सकाळी रुग्णाच्या घरी जाणार आहे त्याच्याकडे नाव हवं. जो नुसता आलेख काढणार आहे त्याला नावाची गरज नाही, मग तो हुद्द्याने कितीही मोठा असो.

आता हे रोजच्या कामात कसं बसवायचं ते सांगतो. दोन वह्या ठेवा. वही म्हणजे कागदाची असो वा संगणकातली फाइल. पहिली मूळ वही: केस क्रमांक, पूर्ण नाव, पालकाचं किंवा घरातल्या एखाद्याचं नाव, पत्ता, फोन. दुसरी कामाची यादी, जिला आपण लाइन लिस्ट म्हणतो: तोच केस क्रमांक, वय, लिंग, विभाग, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, नमुन्याचा निकाल, लस, पाणी किंवा अन्न किंवा प्रवास यांचा तपशील आणि शेवटी रुग्णाचं काय झालं ते. दोन्हींना जोडणारा दुवा एकच, केस क्रमांक. मूळ वही उघडू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता यावीत आणि ती कोण हे कागदावर लिहिलेलं असावं. कामाची यादी बैठकीत पडद्यावर लावा, ईमेलने पाठवा, विश्लेषण करणाऱ्याला द्या.

केस क्रमांक अगदी अर्थहीन ठेवा. इथे हुशार लोक हमखास चुकतात. नावाची आद्याक्षरं, जन्मसाल आणि वस्तीचं लघुरूप असा ‘समजायला सोपा’ क्रमांक बनवतात. मग तो क्रमांक राहत नाही, आखूड केलेलं नाव होतं. साधा ओळीने येणारा आकडा पुरे, शेवटी एक पडताळणीचा आकडा जोडला तर उत्तम. तो आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे घाईत कुणी १०४७ चा १०७४ लिहिला की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. नमुन्याच्या नळीवर मात्र नुसता क्रमांक लिहू नका. प्रयोगशाळेत दोन ओळखखुणा लागतातच, नाहीतर एकाचा निकाल दुसऱ्याच्या माथी बसतो. क्रमांक आणि जन्मतारीख, किंवा प्रयोगशाळेशी जे ठरलं असेल ते.

फोन नंबर ‘हॅश करून’, म्हणजे ठरावीक गणिताने त्याचा कोड बनवून, पाठवला म्हणजे झालं, असं सांगणारे संगणकवालेही भेटतील. त्यांना एवढंच विचारा, की दहा आकडी नंबर एकूण होऊन होऊन किती होतील? हजार कोटी. ते सगळे एकेक करून त्याच गणितातून काढून जुळवून पाहायला आजच्या संगणकाला फार वेळ लागत नाही. गुप्त किल्ली न वापरता केलेलं हॅश म्हणजे नंबरवर टाकलेला पातळ पडदा.

संपर्कातल्या लोकांशी बोलताना रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेलच. पण तारखेचं भान बहुतेकांना राहत नाही. ‘बारा तारखेला दुपारी तुम्ही एका बाधित व्यक्तीला भेटला होतात’ असं म्हटलं, आणि समोरचा त्या दुपारी एकाच माणसाला भेटला होता, तर तुम्ही नाव न घेताही सांगून टाकलंत. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणा. लक्ष कधीपर्यंत ठेवायचं याची शेवटची तारीख मात्र नेमकी द्या, त्याला तीच लागते.

हाच धागा पुढे नेतो, कारण माझ्या मते नाव खोडण्यापेक्षा अवघड काम हे आहे. स्नोच्या त्या बाईची नोंद मृत्यूंच्या छापील साप्ताहिक पत्रकात नावाने आलीच नव्हती. तिथे होतं: बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्याची विधवा, वय ५९. नाव नाही, गोपनीयता पाळली! पण त्या वस्तीत बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्याच्या विधवा अशा किती असणार? आजच्या दैनिक पत्रकांतही हेच होतं. ‘८७ वर्षांचा पुरुष, अमुक विभाग, परदेशातून आलेला.’ शेजाऱ्यांना एवढं पुष्कळ झालं. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे असतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या तक्त्यात जन्मतारीख नको, वयोगट हवा. ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं येतील, ती शेजारच्या चौकटीत मिसळा किंवा ‘५ पेक्षा कमी’ लिहा. असं लिहिताना एक खबरदारी घ्या: एकूण बेरीज छापली असेल, तर लपवलेला आकडा वजाबाकीने निघतो. मी एकदा अगदी असंच पत्रक सही करून सोडलंय. एका शाळकरी मुलाने गणित करून आमच्याच कार्यालयात फोन केला होता.

नकाशाचंही तेच. प्रत्येक रुग्णाच्या घरावर ठिपका दिला, की चित्र बोलकं दिसतं आणि वर्तमानपत्रांना आवडतं. बोस्टनच्या संशोधकांनी २००६ मध्ये ५५० पत्त्यांचा असा ठिपक्यांचा नकाशा बनवला आणि त्यावरून उलट्या दिशेने पत्ते शोधले. ७९ टक्के पत्ते तंतोतंत निघाले. ठिपके कार्यालयातल्या भिंतीवर ठीक. बाहेर देताना विभागाला रंग द्या.

कोडसुद्धा कधी कधी अंगावर उलटतो. १९८४ मध्ये सीडीसीच्या संशोधकांनी एड्सच्या ४० रुग्णांमधले शरीरसंबंध जोडणारी आकृती प्रसिद्ध केली. मध्यभागी होता ‘पेशंट ओ’. मूळ कामात हा ओ होता ‘कॅलिफोर्नियाबाहेरचा’ या इंग्रजी शब्दांतला. लोकांनी तो शून्य वाचला, ‘पेशंट झिरो’ ही कल्पना जन्माला आली आणि १९८७ मध्ये गाएतान दुगा हे त्याचं नावही जगापुढे आलं. तोवर त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. कॅनडातला हा विमान कर्मचारी पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत एड्स आणणारा माणूस म्हणून बदनाम राहिला. २०१६ मध्ये जुन्या रक्तनमुन्यांतल्या विषाणूंचा जनुकीय अभ्यास झाला. विषाणू न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या आसपासच पोहोचला होता आणि दुगा त्याच्या वाटचालीतल्या हजारोंपैकी एक होता, हे तेव्हा सिद्ध झालं. मग तो आकृतीच्या मध्यभागी का आला? एक मोठं कारण असं, की त्याने तपास करणाऱ्यांना मनापासून मदत केली आणि आपल्या जोडीदारांची ७२ नावं दिली. इतरांना इतकी आठवली नाहीत, किंवा त्यांनी सांगितली नाहीत. ज्याने सगळ्यात जास्त सांगितलं, तोच खलनायक ठरला. पुढच्या साथीत कुणी आपल्याला ७२ नावं का द्यावीत?

नाव उघड करावं की नाही, या वादात नैतिकतेची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. मी कामाची बाजू मांडतो. उघड झालेलं नाव पुढच्या वेळी मिळत नाही. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण विषमज्वराची वाहक होती, स्वतः ठणठणीत. साथीचा तपास करणाऱ्या जॉर्ज सोपरने १९०७ मध्ये तिचा छडा लावला. १९०९ मध्ये तिचं नाव वर्तमानपत्रात आलं आणि ती ‘टायफॉइड मेरी’ झाली. १९१० मध्ये स्वयंपाकाचं काम करणार नाही या अटीवर तिला सोडलं. १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहात साथ आली तेव्हाच पुन्हा सापडली. ती तिथे स्वयंपाकच करत होती, मेरी ब्राउन या नावाने. तिचं वागणं समर्थनीय नव्हतं. पण आरोग्य खात्याच्या यादीत तिचं खरं नाव होतं, सगळ्या शहराला ते पाठ होतं, आणि म्हणूनच त्याचा माग काढायला काही उपयोग उरला नव्हता.

दक्षिण कोरियात शंभर वर्षांनी हेच निराळ्या रूपात झालं. तिथे २०१५ मध्ये मर्स या श्वसनरोगाची साथ आली, १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू, आणि लागण प्रामुख्याने रुग्णालयांतूनच झाली. सरकारने सुरुवातीला त्या रुग्णालयांची नावं दाबून ठेवली, लोक संतापले, कायदा बदलला. पण लंबक भलत्याच टोकाला गेला. २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, रुग्णाचं वय, लिंग आणि तो कधी कुठे गेला याचे संदेश फोनवर येऊ लागले आणि लोकांनी त्यावरून माणसं हुडकली, त्यांच्या चारित्र्याच्या चर्चा केल्या. देशाच्या मानवाधिकार आयोगाने मार्चमध्येच यावर आक्षेप घेतला. मे महिन्यात सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली. त्यातल्या काही क्लबांत समलिंगी लोक जात. बातम्यांनी तेच उचलून धरलं आणि क्लबात गेलेले लोक फोनच उचलेनात. काहींनी तर दारावरच्या वहीत नंबरच खोटे लिहिले होते. शेवटी सोल शहराने नाव न सांगता, फक्त फोन नंबरवर तपासणी सुरू केली, आणि तपासणीला येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

या दोन साथींतून मी माझ्यापुरता एक नियम काढलाय. ठिकाणाचं नाव सांगायचं, माणसाचं नाही. अमुक रुग्णालय, अमुक सभागृह, या तारखेला या वेळेत: हे कळलं तर लोक स्वतःहून तपासणीला येतात. त्यातही ठिकाणी आलेल्या सगळ्यांपर्यंत आपण थेट पोहोचलो असू, तर तेही जाहीर करायची गरज नाही. याला अपवाद एकच, माणसाने स्वतः पुढे होऊन आपलं नाव सांगणं. देवीची निसर्गतः झालेली शेवटची लागण १९७७ मध्ये सोमालियातल्या अली माव मालिन या रुग्णालयातल्या स्वयंपाक्याला झाली. पुढे त्याने पोलिओ लसीकरणात काम केलं. लस घ्यायला कचरणाऱ्या आईबापांना तो आपलीच गोष्ट सांगत असे. ते नाव त्याचं होतं आणि वापरणाराही तोच होता.

वरच्या कार्यालयाच्या रोजच्या मागणीकडे येतो. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. ‘यादी पाठवा’ म्हणताना त्यांना आकडे हवे असतात, आणि यादी म्हणजे नावं ही जुनी सवय. तेव्हा नकार देऊ नका, कामाची यादी पाठवा. सोबत एक ओळ लिहा: ‘नाव-पत्ता मूळ नोंदीत उपलब्ध आहे. कोणत्या रुग्णाबाबत, कशासाठी हवा ते केस क्रमांकासह कळवावे.’ माझा अनुभव असा, की दहातल्या नऊ वेळा पुढे काहीच विचारणा होत नाही. दहाव्या वेळी खरंच कारण असतं, रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो वगैरे. तेव्हा त्या एका माणसाचं नाव त्या एका अधिकाऱ्याला द्यायचं आणि दिल्याची नोंद ठेवायची. तुमच्याकडच्या कायद्याने नाव कळवणं बंधनकारक असेल तर ते कळवावंच लागेल, पण कायदा ज्या कार्यालयाचं नाव घेतो त्याच कार्यालयाला.

मागणी आरोग्य खात्याबाहेरून आली तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्वेक्षणातल्या नैतिकतेबद्दल १७ मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यातलं शेवटचं याच बाबतीतलं आहे: ओळख पटणारी माहिती, त्या माणसांवर कारवाई करण्याची शक्यता असलेल्या यंत्रणांना देऊ नये. कागदावर हे सोपं वाटतं. सिंगापूरमध्ये कोविडच्या संपर्कशोधासाठी ट्रेसटुगेदर ॲप आलं. माहिती फक्त संपर्कशोधासाठी वापरू, असं सरकारने सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झालं, की पोलिसही गुन्ह्याच्या तपासासाठी ती मागवू शकतात. ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. तेव्हा रुग्णाला ‘ही माहिती बाहेर जाणार नाही’ असं सांगण्याआधी तुमचा स्थानिक कायदा वाचा. जे पाळणं तुमच्या हातात नाही, ते कबूल करू नका. ‘मी ही माहिती या कामासाठी घेतोय आणि ती या लोकांकडे राहील’ एवढं म्हणा.

माहिती फुटते ती चोरांमुळे कमी, आपल्या माणसांमुळे जास्त. सिंगापूरमध्येच २०१९ च्या जानेवारीत एचआयव्ही नोंदणीतल्या १४,२०० जणांची नावं आणि तपशील इंटरनेटवर टाकले गेल्याचं जाहीर झालं. यादी कुणी भिंत फोडून नेली नव्हती. ती पाहण्याचा अधिकार असलेल्या डॉक्टरच्या जोडीदाराच्या हाती लागली होती. आपल्या पातळीवर हे आणखी साधेपणाने होतं. पडद्याचा फोटो काढून गटावर टाकला जातो. ‘काळजी घ्या’ म्हणून कुणी भावाला पुढे पाठवतो. एक्सेलची फाइल पाठवताना नावाचा रकाना लपवलेला असतो, पण खोडलेला नसतो. हा शेवटचा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय, की आता कुणाचीही फाइल आली की आधी लपवलेले रकाने उघडून बघतो.

साथ संपल्यावर मूळ वहीचं काय, हे प्रश्नात नव्हतं, पण ते पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा. कॉलरा किंवा अन्नविषबाधेची साथ सरली, अहवाल झाला, की कायद्याने घातलेली मुदत संपताच ती नष्ट करा. क्षयासारख्या आजारात महिनोन्महिने औषध चालतं, तिथे नाव तेवढा काळ लागतंच. इबोला मात्र यातला सगळ्यात कठीण. गिनीमध्ये २०२१ साली पुन्हा साथ उठली, तेव्हा त्या विषाणूची जनुकीय रचना २०१४-१६ च्या विषाणूशी इतकी मिळतीजुळती निघाली, की तो पाच-सहा वर्षं एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात दबून राहिला असणार हे उघड झालं. म्हणजे बऱ्या झालेल्यांचा माग ठेवायला हवा. आणि हीच बातमी पसरताच त्यांच्याकडे पुन्हा संशयाने पाहिलं जाऊ लागलं. अशा ठिकाणी वही ठेवावी लागते, पण ती उपचार आणि पाठपुरावा करणाऱ्यांच्या ताब्यात, साथीच्या कार्यालयात नाही.

आता यादी फुटली तर. पहिला तास ‘कुणी फोडली’ यात घालवू नका. तो शोध नंतर होईल. आधी यादीची कोणती आवृत्ती बाहेर गेली आणि तिच्यात कोणते रकाने होते ते पाहा. गटांवरून काढून टाकायला सांगा, तिचा फारसा उपयोग होणार नाही हे गृहीत धरून. मग मूळ वही घ्या, चार-पाच समजूतदार कर्मचारी बसवा आणि यादीतल्या प्रत्येकाला फोन करा. शेजाऱ्याकडून कळण्याआधी आपल्याकडून कळायला हवं. आमच्याकडे अशी वेळ एकदा आली, ६३ जणांची यादी होती. फोनवर काय बोलायचं हे आम्ही कागदावर लिहून घेतलं होतं: काय बाहेर गेलं, चूक आमची आहे, तुम्हाला कामावरून किंवा घरमालकाकडून त्रास झाला तर या नंबरवर सांगा. तो नंबर माझाच होता. पुढच्या दोन दिवसांत अकरा फोन आले, त्यांतल्या तिघांसाठी मला त्यांच्या मालकांशी बोलावं लागलं. मालकांशी बोलतानाही आजाराचं नाव घेतलं नाही.

दोघांनी फोनवर सांगितलं, की त्यांनी आम्हाला आधी पत्ता चुकीचा दिला होता. खरा पत्ता त्यांनी त्या दिवशी दिला.